इटाइपूची अर्धी वीज कुठे जाते?

ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या पराना नदीवर इटाइपू हा जलविद्युत प्रकल्प उभा आहे. क्षमता १४,००० मेगावॅट. २०१६ साली त्याने वर्षभरात १०३ अब्ज युनिटांहून जास्त वीज दिली, तोवर जगातल्या कुठल्याच जलविद्युत केंद्राने एका वर्षात एवढी वीज काढली नव्हती. नदी दोघांची, धरण दोघांचं, म्हणून वीजही दोघांची आणि समसमान, असं करारात स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही १९८४ मध्ये पहिलं जनित्र फिरू लागल्यापासून पुढची तीस वर्षं पॅराग्वेच्या अर्ध्या वाट्यातली बहुतेक वीज पॅराग्वेत राहिलीच नाही. धरणापासून जेमतेम दहा किलोमीटरवर, ब्राझीलच्या हद्दीत, फोज दो इग्वासू नावाचं प्रचंड उपकेंद्र आहे. ती वीज तिथे गेली आणि तिथून आठशे किलोमीटरवरच्या साओ पावलोकडे रवाना झाली.

असं का झालं, याची दोन उत्तरं दिली जातात. राजकारणाचे अभ्यासक करारातली कलमं दाखवतात. अभियंते म्हणतात, जिथे मागणी तिथे वीज जाणार, त्यात नवल ते काय! दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. कलमं बदलता येतात, मागणी वाढवता येते. पण उपकेंद्र बांधताना विजेचा जो दाब (व्होल्टेज), जी वारंवारता आणि वाहिनीची जी दिशा ठरते, ती पुढची चाळीस-पन्नास वर्षं सहसा हलत नाही. धरण पाणी अडवतं. त्या पाण्याचा लाभ कुणाला, हे पुष्कळ अंशी उपकेंद्राच्या आराखड्यात ठरून जातं. इटाइपूइतकं हे उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं, म्हणून या प्रश्नाचा आढावा तिथूनच घ्यायला हवा.

करार झाला, भांडवल एकाचं

दोन्ही देशांत सीमेवरून धुसफुस होती. २२ जून १९६६ रोजी इग्वासू इथे दोघांनी संयुक्त निवेदन काढलं आणि वादाच्या जागेतली जलशक्ती मिळून वापरायचं ठरवलं. २६ एप्रिल १९७३ रोजी ब्राझीलचे एमिलियो मेदिसी आणि पॅराग्वेचे आल्फ्रेदो स्त्रोएस्नर यांच्या राजवटींनी करारावर सह्या केल्या. दोन्हीकडे लष्करी सत्ता होती, त्यामुळे लोकांना विचारण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

करारातलं मुख्य कलम असं: वीज अर्धी-अर्धी वाटायची, आणि ज्याला आपला वाटा पुरा वापरता येणार नाही त्याने उरलेली वीज दुसऱ्याच देशाला द्यायची. त्याबद्दल ठरावीक मोबदला मिळेल, पण तिसऱ्याला विकता येणार नाही. त्या काळी पॅराग्वेची एकूण मागणी काहीशे मेगावॅट होती. तेव्हा ‘उरलेली वीज’ कोणाची असणार आणि घेणारा कोण, हे सही करतानाच दोघांना ठाऊक होतं.

ब्राझीलची बाजूही इथेच नोंदवायला हवी. प्रकल्पाचं सुरुवातीचं भागभांडवल दहा कोटी डॉलर, प्रत्येकाचे पाच कोटी. पॅराग्वेच्या वाट्याचे पाच कोटीसुद्धा ब्राझीलच्याच सरकारी बँकेने कर्जाऊ दिले. बांधकामासाठी काढलेल्या अवाढव्य कर्जांना हमी ब्राझीलची, आणि वीज विकत घेऊन कर्ज फेडण्याचा भरवसाही ब्राझीलच्याच ग्राहकांवर. ‘आम्ही जोखीम घेतली, आम्ही फेडलं’ हे ब्राझीलचं म्हणणं त्यामुळे पोकळ नाही. पण जोखीम घेणाऱ्याने आराखडाही आपल्या सोयीचा करून घेतला, हेही तेवढंच खरं.

१९८२ च्या ऑक्टोबरमध्ये दरवाजे बंद झाले आणि मुसळधार पावसामुळे दोन आठवड्यांत १,३५० चौरस किलोमीटरचा जलाशय भरला. सेते केदास हे धबधबे त्यात बुडाले. आवा-ग्वारानी आदिवासींच्या वस्त्या आणि हजारो शेतकरी कुटुंबांच्या जमिनी गेल्या. ५ मे १९८४ रोजी पहिलं जनित्र सुरू झालं.

पन्नास की साठ?

सगळ्या गुंत्याची गाठ एका आकड्यात आहे. पॅराग्वेची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण फेरा घेते. आपल्याकडेही तेच. ब्राझीलची वीज ६० हर्ट्झची. दोन वेगळ्या वारंवारतांची ग्रीड एकमेकांना थेट जोडता येत नाहीत. जोडली तर क्षणात सगळं ट्रिप होईल.

खुद्द ब्राझीलमध्येही पूर्वी दोन्ही वारंवारता नांदत होत्या. रिओ द जानेरोचा भाग ५० वर चालायचा. १९६४ च्या कायद्याने देशभर ६० हर्ट्झ सक्तीची झाली आणि नंतरची कित्येक वर्षं मोटारी, घड्याळं, पंप बदलण्यात गेली. आपण हा खटाटोप नुकताच केला, मग छोट्याशा शेजाऱ्याने का करू नये, असं ब्राझीलला वाटलं. पॅराग्वेनेही ६० हर्ट्झ स्वीकारावी, म्हणजे इटाइपूची सगळी जनित्रं एकाच जातीची होतील आणि काम स्वस्तात होईल, असा आग्रह झाला. पॅराग्वेने नकार दिला. यंत्रं बदलण्याचा खर्च हे एक कारण होतं. दुसरं कारण असं, की वारंवारता बदलली असती तर पॅराग्वेचं ग्रीड कायमचं ब्राझीलला बांधलं गेलं असतं आणि ५० हर्ट्झच्या अर्जेंटिनाशी असलेला धागा तुटला असता.

शेवटी तोडगा निघाला तो महागडा. निम्मी जनित्रं ५० हर्ट्झची, निम्मी ६० ची. सुरुवातीला नऊ-नऊ, पुढे २००७ पर्यंत एकेक वाढवून दहा-दहा. प्रत्येक जनित्र ७०० मेगावॅटचं. पॅराग्वेला नको असलेली ५० हर्ट्झची वीज ब्राझीलला वापरायची, तर ती आधी दिष्ट प्रवाहात, म्हणजे डीसीत बदलायची आणि साओ पावलोजवळ पुन्हा ६० हर्ट्झच्या एसीत आणायची. त्यासाठी फोज दो इग्वासूला आणि साओ पावलो राज्यातल्या इबिउनाला रूपांतर केंद्रं उभी राहिली.

फोज दो इग्वासूच्या रूपांतर केंद्राची क्षमता बघण्यासारखी आहे: ६,३०० मेगावॅट. सुरुवातीच्या नऊ जनित्रांना सातशेने गुणलं, की नेमका हाच आकडा येतो. म्हणजे पॅराग्वेचा अख्खा वाटा, त्यातला एकही मेगावॅट न वगळता, पलीकडे नेता येईल एवढी सोय पहिल्या दिवसापासून केलेली होती. अभियंता म्हणेल, कमाल भाराचा विचार करूनच यंत्रणा बांधतात. बरोबर आहे. पण पॅराग्वेच्या बाजूला त्याच काळात काय बांधलं गेलं? राजधानी असुन्सियॉनकडे जाणाऱ्या २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या. एका बाजूला सहा पदरी हमरस्ता आणि दुसऱ्या बाजूला गाडीवाट, असा तो हिशेब होता.

उपकेंद्राच्या कुंपणात

एक ५० हर्ट्झचं जनित्र घेऊन त्याची वीज कशी जाते ते पाहू. जनित्रातून वीज निघते १८ किलोव्होल्टला. ७०० मेगावॅट या दाबाला न्यायचे, तर प्रवाह बावीस हजार अँपिअरच्या वर जातो. एवढा प्रवाह तारांतून लांब नेणं अशक्य आहे. वाटेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणून धरणाच्या पोटातच ट्रान्सफॉर्मर दाब ५०० किलोव्होल्टवर नेतात. तिथला स्विचयार्डही उघड्यावर नाही, वायूने भरलेल्या बंद नळ्यांत आहे, कारण धरणाच्या अंगात जागा थोडी. तिथून ५० हर्ट्झच्या वाहिन्या पॅराग्वेच्या काठावरच्या एर्नांदारियासजवळच्या उपकेंद्राला शिवतात आणि नदी ओलांडून फोज दो इग्वासूला पोचतात. ६० हर्ट्झच्या वाहिन्या सरळ ब्राझीलच्या बाजूने तिथेच येतात.

कुंपणाच्या आत पायाखाली सगळीकडे खडी अंथरलेली असते. जमिनीत दोष प्रवाह उतरला, तर माणसाच्या दोन पावलांमधल्या दाबाने त्याच्या शरीरातून घातक प्रवाह जाऊ नये म्हणून ती लागते. गवत उगवू न देणं हा तिचा दुय्यम उपयोग. वर पोर्सेलिनच्या चकत्यांच्या माळांवर लटकलेले बसबार (सामाईक वाहक पट्ट्या), प्रवाह तोडणारे ब्रेकर, आयसोलेटर. आणि सतत चालणारी गुणगुण. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा वारंवारतेच्या दुप्पट वेगाने आकुंचन-प्रसरण पावतो. त्यामुळे ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर १०० कंपनांचा सूर धरतो आणि ६० हर्ट्झचा १२० चा. या दोन सुरांचं गुणोत्तर पाचास सहा. गाणाऱ्याच्या भाषेत सांगायचं, तर पॅराग्वेच्या विजेचा षड्ज धरला की ब्राझीलच्या विजेचा कोमल गंधार लागतो. एकाच उपकेंद्राच्या आवारात दोन देशांच्या विजांचे हे दोन सूर शेजारी-शेजारी नांदतात.

खरा चमत्कार आहे रूपांतर केंद्राच्या उंच दालनात, ज्याला व्हॉल्व्ह हॉल म्हणतात. तिथे छतापर्यंत रचलेले थायरिस्टरचे मनोरे असतात. थायरिस्टर म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणारं दार. त्याला इशारा दिला की उघडतं. अशी बारा दारं ठरलेल्या क्रमाने एकामागून एक उघडत गेली, की एसीच्या लाटांचे फक्त माथे पुढे जातात आणि जवळजवळ सपाट डीसी हाती येतो. ५० हर्ट्झला सेकंदाला सहाशे वेळा दार उघडतं. इबिउनाला उलटी क्रिया होते, तिथे सातशेवीस वेळा. सपाटीत उरलेले बारीक खाचखळगे काढायला मोठाले रिअॅक्टर आणि फिल्टर लावलेले असतात. एका तारेला +६०० किलोव्होल्ट, दुसऱ्या तारेला −६०० किलोव्होल्ट, अशी ही दोन तारांची जोडी. अशा दोन जोड्या आहेत. १९८० च्या दशकात बांधलेल्या या वाहिनीचा दाब जगात सर्वांत जास्त होता. चीनने २०१० च्या सुमारास ±८०० किलोव्होल्ट गाठेपर्यंत हा विक्रम टिकला.

महाराष्ट्राला हे तंत्र परकं नाही. चंद्रपूरच्या कोळशाची वीज ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत आणणारी ±५०० किलोव्होल्टची सुमारे साडेसातशे किलोमीटरची डीसी वाहिनी १९९९ पासून चालू आहे. भद्रावतीला तर वाहिनीच नाही. एकाच कुंपणात एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी होते, कारण त्या वेळी पश्चिम आणि दक्षिण भारताची ग्रीड दोन्ही ५० हर्ट्झची असूनही एकमेकांशी ताल जुळवून चालत नव्हती.

दोन रस्ते, दोन स्वभाव

फोज दो इग्वासूचं वैशिष्ट्य असं, की एकाच नदीची वीज एकाच शहराकडे दोन वेगळ्या पद्धतींनी निघते, जवळजवळ सारख्याच अंतरावर आणि सारख्याच प्रमाणात. ६० हर्ट्झच्या वाट्यासाठी दाब ७६५ किलोव्होल्टवर चढवून तीन एसी वाहिन्या इव्हाइपोरां आणि इताबेरा या उपकेंद्रांमार्गे तिजुको प्रेतोला जातात. ५० हर्ट्झच्या वाट्यासाठी डीसीच्या दोन वाहिन्या इबिउनाला जातात. एसी चांगली की डीसी, हा वाद जगभर शंभर वर्षं चालला आहे. इथे त्याची प्रयोगशाळाच आहे.

एसीचा मोठा गुण म्हणजे ती वाटेत थांबू शकते. इव्हाइपोरांला ट्रान्सफॉर्मर लावला की दक्षिण ब्राझीलचं ग्रीड जोडता येतं. वाटेतलं एखादं शहर वाढलं, तर तिथेही उतरता येतं. दोष असा, की अंतर वाढलं की वाहिनी स्वतःच विजेचा ताल बिघडवते. दोन टोकांची जनित्रं एकमेकांपासून निसटू नयेत म्हणून मध्येमध्ये भरपाईची यंत्रं बसवावी लागतात.

डीसीत तालाचा प्रश्न नाही. तारा कमी, मनोरे सडपातळ, वाहिनीखालची जागा थोडी, नुकसानही कमी. मात्र दोन टोकांची रूपांतर केंद्रं फार महाग. त्यामुळे साधारण सहाशे-आठशे किलोमीटरच्या पुढेच डीसी परवडते, असं मानलं जातं. शिवाय तिचे आणखी दोन स्वभाव आहेत, ज्यांची चर्चा तांत्रिक ग्रंथांबाहेर फारशी होत नाही.

पहिला: वाटेत उतरण्याची सोय नाही. मध्ये वीज काढायची, तर तिथे आणखी एक रूपांतर केंद्र हवं, आणि पाच-पन्नास मेगावॅटसाठी तो खर्च कुणी करत नाही. मधला थांबा असलेल्या डीसी वाहिन्या जगात मोजक्या. आपल्याकडे आसामच्या बिश्वनाथ चारियालीपासून आग्र्यापर्यंतच्या ±८०० किलोव्होल्टच्या वाहिनीला पश्चिम बंगालमध्ये अलिपुरद्वारला असा थांबा आहे, तो भूतान आणि सिक्कीमच्या नद्यांची वीज चढवण्यासाठी. म्हणजे तिथेही थांबा आहे तो वीज चढवायला, उतरवायला नाही.

दुसरा स्वभाव अधिक खोल. थायरिस्टरचं दार उघडता येतं, पण स्वतःहून मिटत नाही. पलीकडच्या एसी ग्रीडचा दाब त्याला मिटवतो. म्हणून इबिउनाला आधीच सबळ, जिवंत ग्रीड असावं लागतं. त्याला आधार द्यायला तिथे फिरती सिंक्रोनस यंत्रंही बसवलेली आहेत. अंधारात असलेल्या गावाला या जातीची डीसी उजळवू शकत नाही. आधीच उजळलेल्या महानगराला ती आणखी वीज पुरवते. नव्या पिढीच्या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या रूपांतर केंद्रांनी ही अडचण बरीच दूर केली आहे. पण इटाइपूची पिढी थायरिस्टरची, आणि तंत्राचा हा कल तिच्या वाटपात उतरला.

एक ठिणगी आणि अठरा राज्यं

एवढी वीज एका कुंपणातून नेण्याची किंमत अधूनमधून मोजावी लागते. १० नोव्हेंबर २००९ च्या रात्री सव्वादहाच्या सुमारास इताबेरा परिसरात वादळी पाऊस चालू होता. काही क्षणांच्या अंतराने ७६५ किलोव्होल्टच्या तिन्ही वाहिन्यांवर दोष आला आणि तिन्ही सुटल्या. एक सुटली तर दोन भार उचलतील, अशी रचना होती. तिन्ही जाण्याची तरतूद नव्हती. साओ पावलो बाजूचा दाब कोसळला. दाब कोसळताच डीसीची दारं मिटेनाशी झाली आणि त्या वाहिन्याही बंद पडल्या. वीज न्यायला रस्ताच उरला नाही, तेव्हा इटाइपूची सगळी जनित्रं थांबली. ब्राझीलच्या अठरा राज्यांत अंधार झाला. साओ पावलो आणि रिओत लोक मेट्रोत आणि लिफ्टमध्ये अडकले. पॅराग्वेही काही मिनिटं जवळजवळ पूर्ण अंधारात गेला.

त्याआधी ११ मार्च १९९९ रोजी साओ पावलो राज्यातल्या बाउरू उपकेंद्रात बसबारवर दोष आला आणि एकाच जागी जोडलेल्या अनेक वाहिन्या एकदम सुटल्या. तेव्हाही दक्षिण-मध्य ब्राझील काळोखात गेला. सरकारने वीज कोसळल्याचं कारण दिलं, पण अनेक तज्ज्ञांना ते पटलं नाही. पुढे २१ मार्च २०१८ रोजी उत्तरेतल्या शिंगू उपकेंद्रातला एक ब्रेकर उघडला आणि बेलो मोंते धरणाची वीज अडकली. उत्तर आणि ईशान्य ब्राझीलमधल्या कोट्यवधी लोकांची वीज गेली. या तिन्ही घटनांत धरणं शाबूत होती, पाणी भरपूर होतं. कमी पडलं ते उपकेंद्रांचं आणि वाहिन्यांचं जाळं.

याची दुसरी बाजू २००१ साली दिसली. दुष्काळामुळे ब्राझीलच्या आग्नेय, मध्य-पश्चिम आणि ईशान्य भागांत विजेचं रेशनिंग सुरू झालं. दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र धरणं भरलेली होती. तिकडची वीज वर आणायला पुरेशा वाहिन्या नव्हत्या, म्हणून एकाच देशात एकीकडे पाणी सांडव्यावरून सोडून दिलं जात होतं आणि दुसरीकडे घराघरांत दिवे मोजून लावले जात होते. त्यानंतर वाहिन्यांवर मोठा खर्च झाला.

राजधानीची वाट

पॅराग्वेच्या बाजूने चित्र असं होतं. त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या असलेल्या जलविद्युत केंद्रात निम्मी मालकी, शिवाय अर्जेंटिनासोबतच्या यासिरेता प्रकल्पातही निम्मी. दरडोई जलविद्युत मोजली तर जगात पहिल्या रांगेतला देश. आणि उन्हाळ्यात असुन्सियॉनमध्ये पंखे सुरू झाले की वीज जायची. उत्पादनाचा तुटवडा नव्हता. इटाइपूपासून राजधानीपर्यंतच्या वाहिन्यांना भार पेलत नव्हता, आणि शहरातलं वितरणही जुनाट होतं. कारखाने आले नाहीत कारण भरवशाची वीज नव्हती. मोठी वाहिनी बांधली नाही कारण कारखाने नव्हते. हा फेरा मोडायला पैसा हवा होता, आणि वीज सोडून दिल्याचा मोबदला फारच तुटपुंजा होता.

२००८ मध्ये फर्नांदो लुगो ‘जलविद्युत सार्वभौमत्व’ ही घोषणा घेऊन पॅराग्वेच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. इटाइपूचा मुद्दा त्यांच्या प्रचाराच्या केंद्रस्थानी होता. जुलै २००९ मध्ये ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लुला आणि लुगो यांच्यात तडजोड झाली. मोबदला वर्षाला १२ कोटी डॉलरवरून ३६ कोटींवर गेला. पण माझ्या मते त्या तडजोडीतलं मोलाचं कलम पैशांचं नव्हतं, तारांचं होतं. इटाइपूपासून असुन्सियॉनजवळच्या व्हिया आयेसपर्यंत ५०० किलोव्होल्टची वाहिनी मर्कोसुर या व्यापारगटाच्या निधीतून बांधून द्यायची ठरली. ३४८ किलोमीटरची ही वाहिनी ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाली. आपल्याच धरणाची वीज आपल्याच राजधानीला त्या दाबाने पोचायला पहिल्या जनित्रानंतर २९ वर्षं लागली, आणि साओ पावलोची वाहिनी पहिल्याच वर्षी सुरू झाली होती.

मोबदला वाढवून घेणं आणि वाहिनी मिळवणं यांतला फरक पॅराग्वेत सगळ्यांनाच पटलेला नाही. एक मतप्रवाह म्हणतो, विजेला बाजारभाव मिळवा, तेवढ्या पैशांतून शाळा-दवाखाने होतील. दुसरा म्हणतो, पैसा दरवर्षी भांडून मागावा लागतो; वीज देशात आली की उद्योग येतात आणि भांडण करायची ताकदही येते. २०१९ मध्ये याचा भडका उडाला. ब्राझीलसोबत गुपचूप केलेल्या एका समझोत्याने पॅराग्वेला आपली वीज महाग पडणार, हे कळताच ‘आंदे’ या सरकारी वीज कंपनीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्ष मारिओ आब्दो बेनितेस यांच्यावर महाभियोगाची वेळ आली आणि १ ऑगस्टला समझोता रद्द करावा लागला. विजेच्या दरपत्रकाने सरकार हादरण्याची ही घटना दुर्मीळच.

तीच वाट, पुढे अॅमेझॉनमध्ये

इटाइपूने घालून दिलेला नमुना ब्राझीलने नंतर स्वतःच्या देशातच गिरवला. अॅमेझॉन खोऱ्यात मदेरा नदीवर जिराऊ आणि सांतो आंतोनिओ ही धरणं झाली. त्यांची वीज पोर्तो वेल्योहून साओ पावलो राज्यातल्या अराराक्वारापर्यंत नेणारी ±६०० किलोव्होल्टची, २,३०० किलोमीटरहून लांब डीसी वाहिनी २०१३-१४ च्या सुमारास सुरू झाली. शिंगू नदीवरच्या बेलो मोंतेसाठी ±८०० किलोव्होल्टच्या दोन वाहिन्या झाल्या, एक २०१७ मध्ये आणि दुसरी २०१९ मध्ये. दोन्ही २,००० किलोमीटरच्या पुढच्या, आणि दुसरी थेट रिओच्या परिसरात उतरणारी. त्यांच्या बांधणीत चिनी सरकारी ग्रीड कंपनीचा मोठा हात होता. आता सीमा नाही, करार नाही, वारंवारताही एकच. तरीही डीसी निवडली गेली, कारण अंतर प्रचंड. आणि वाटेतल्या अॅमेझॉनमधल्या कित्येक वस्त्या आजही डिझेलच्या जनित्रांवर चालतात, तर डोक्यावरून हजारो मेगावॅट जातात.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. त्या वस्त्यांना वीज देण्याचा स्वस्त मार्ग आज बहुधा सौर पॅनल आणि बॅटरी हाच आहे; ८०० किलोव्होल्टच्या तारेला छिद्र पाडून कुणाचंच भलं होणार नाही. तक्रार वाहिनीच्या असण्याबद्दल नाही. धरणाच्या अंदाजपत्रकात महानगराची वाहिनी पहिल्या पानावर असते आणि स्थानिक वीजपुरवठा ‘पुढील टप्प्यात’ जातो, ही तक्रार आहे. तो टप्पा येईपर्यंत धरण म्हातारं होतं.

पुढचा पेच

फेब्रुवारी २०२३ मध्ये इटाइपूचं बांधकामाचं कर्ज फिटलं. करारातला आर्थिक भाग पन्नास वर्षांनी तपासायचा, असं १९७३ मध्येच लिहिलेलं होतं. ती मुदतही त्याच वर्षी भरली. मे २०२४ मध्ये दोन्ही सरकारांनी २०२४ ते २०२६ साठी दर ठरवला आणि पुढे पॅराग्वेला आपली शिल्लक वीज ब्राझीलच्या खुल्या बाजारात विकता यावी, या दिशेने बोलणी ठेवली.

दरम्यान पॅराग्वे बदलला आहे. अलीकडच्या उन्हाळ्यांत देशाची कमाल मागणी ५,००० मेगावॅटच्या आसपास पोचली. घराघरांत वातानुकूलन यंत्रं आली, आणि स्वस्त विजेच्या ओढीने क्रिप्टो चलनाचे संगणक मांडणारेही आले. त्यांच्यावरून देशात वेगळा वाद चालू आहे, कारण ते वीज खातात पण रोजगार जेमतेम देतात. आजची चाल कायम राहिली, तर २०३० च्या दशकात पॅराग्वे आपला पूर्ण वाटा स्वतःच वापरू लागेल, असे अंदाज मांडले जातात.

मग फोज दो इग्वासूच्या रूपांतर केंद्राचं काय? चाळीस वर्षं झालेल्या त्या यंत्रणेच्या नूतनीकरणाचा मोठा खर्च सुरू झाला आहे. पण तिला खाद्य लागतं ५० हर्ट्झच्या शिल्लक विजेचं. जितका पॅराग्वे वाढेल तितकी ती रिकामी राहील. पॅराग्वेपुढचाही पेच सोपा नाही. वीज ब्राझीलच्या बाजारात विकायची, तर नेण्याचा एकमेव मोठा रस्ता हाच, आणि तो पूर्णपणे ब्राझीलच्या हद्दीत. उपकेंद्र ज्याचं, त्याच्याशी वाहतुकीचा दर ठरवल्याशिवाय बाजारभावाला अर्थ नाही.

इटाइपूवरच्या चर्चेत आजवर सगळा भर एका युनिटाला किती डॉलर यावर राहिला. त्यापेक्षा तीन गोष्टींची बोलणी आधी व्हायला हवीत: रूपांतर केंद्राच्या वापराचे हक्क आणि दर, पॅराग्वेच्या आतल्या ५०० किलोव्होल्टच्या जाळ्याला लागणारा निधी, आणि शिल्लक घटत जाईल तसतशी साओ पावलोसाठी दुसरी सोय. ब्राझीलकडे आता वारा आणि ऊन यांची भरपूर वीज आहे, त्यामुळे तिसरी गोष्ट पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. पहिल्या दोन्ही पैशांनी आणि राजकीय इच्छेने होण्यासारख्या आहेत. हिमालयापासून काँगोपर्यंत नवी धरणं आखणाऱ्या देशांनी इटाइपूकडून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. वाटणी करारात लिहा, पण त्याच दिवशी दोन्ही वाटेकऱ्यांच्या उपकेंद्रांचे नकाशे आणि पैसे मागा. ज्याचा नकाशा तयार नाही, त्याचा वाटा कागदावरच राहतो.